ठळकवाडी ते कुंडल रोड : लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचे पहिले पर्व



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपली शाळा दरवर्षी हे व्याख्यान योजते, त्यांच्याच हाताखाली मी रेषा ओढावयास शिकलो आणि पुढे त्यांच्याच खुर्चीवर बसून ३१ वर्षे या शाळेत चित्रकला शिकविली. चित्रकलेच्या मास्तराने इतिहासावर बोलावे हा अधिकारातिक्रम आहे, याची मला जाणीव आहे. परंतु आज मी ज्या पुरुषाविषयी बोलणार आहे, तोही मूळचा चित्रकलेचाच मास्तर होता. एवढ्या एका नात्याच्या आधारावर हे धाडस करीत आहे.

आपल्या बेळगावात किर्लोस्कर रोड आहे. लहानपणी त्या रस्त्याने मी शेकडो वेळा सायकल हाकली असेल. पण त्या नावाचा आणि माझ्या बुडाखालच्या सायकलीचा काही संबंध आहे, हे मला मिसरूड फुटेपर्यंत ठाऊक नव्हते. किर्लोस्कर म्हणजे नाटकवाले अण्णासाहेब, अशीच माझी समजूत. ती अगदी निराधार नव्हती. 'सौभद्र' लिहिणारे अण्णासाहेब आणि नांगर ओतणारे लक्ष्मणराव, दोघेही बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. अशा घरातील मुलाचे पुस्तकात मन रमू नये आणि चाके, कळी व रंग यांतच रमावे, ही त्या काळी घरच्यांना काळजी वाटावी अशीच गोष्ट होती. थोरले बंधू रामचंद्रपंत, ज्यांना सर्वजण रामुअण्णा म्हणत, पाठीशी उभे राहिले म्हणून १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल होऊ शकले.

तेथे एक विचित्र आपत्ती ओढवली. त्यांच्या डोळ्यांना काही रंगांतील भेद कळत नाही, असे आढळून आले. चित्रकार होण्याची वाट तेथेच बंद झाली. मात्र यंत्रांची आरेखने काढावयास रंग लागत नाही. लागतो तो स्थिर हात, आणि वस्तू समोर नसतानाही तिच्या तिन्ही बाजू मनात उभ्या करण्याची शक्ती. ती लक्ष्मणरावांपाशी विपुल होती. त्या बळावर त्यांना भायखळ्याच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक आरेखनाच्या साहाय्यक शिक्षकाची जागा मिळाली. पगार दरमहा ४५ रुपये. ही संस्था १८८७ साली निघालेली, म्हणजे अगदी नवी होती. शिकविता शिकविता ते स्वतः यंत्रे चालवावयास शिकले. इंजिनिअरिंगची पदवी त्यांच्यापाशी कधीच नव्हती.

सायकलीचा व्यापार याच काळातला. मुंबईत सायकल हे तेव्हा श्रीमंतांच्या हौसेचे वाहन होते, किंमत ७०० ते १००० रुपये. ४५ रुपयांच्या मास्तराने हा व्यवहार करावा कसा? लक्ष्मणराव मुंबईत सायकल विकत घेत आणि बेळगावला रामुअण्णांकडे धाडीत. रामुअण्णा ती विकत, आणि घेणाऱ्याला १५ रुपये फी घेऊन चालवावयासही शिकवीत. 'किर्लोस्कर ब्रदर्स' ही पाटी लागली ती या दुकानावर. वर्ष १८८८ धरतात. पुढे कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या कंपनीच्या नावातले 'ब्रदर्स' हे दोन भाऊ. आपण सगळे श्रेय धाकट्याच्या पदरात घालून मोकळे होतो, हे मला नेहमी खटकते. रामुअण्णा नसते तर लक्ष्मणराव मुंबईत एक कुशल मास्तर म्हणून निवृत्त झाले असते.

तसे निवृत्त होण्याचा योग १८९७ साली टळला. वरची जागा रिकामी झाली; ती आपणांस मिळेल अशी लक्ष्मणरावांची रास्त अपेक्षा होती. जागा मिळाली ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगावची वाट धरली. त्या काळी असे प्रसंग कित्येकांच्या वाट्याला येत. बहुतेक जण अर्जविनंत्या करीत, आणि त्याही फेटाळल्या की कुढत दिवस काढीत. त्यांना मी नावे ठेवणार नाही, कारण संसार सर्वांनाच असतो.

बेळगावास आल्यावर त्यांनी सायकली विकल्या, अमेरिकन पवनचक्क्यांची एजन्सी चालविली. पण दुसऱ्याच्या मालाची विक्री हा त्यांच्या मनाचा धंदा नव्हता. स्वतः काही घडवावे ही ओढ. पहिली वस्तू निघाली ती कडबा कापण्याचे यंत्र. ज्वारीचा अखंड कडबा जनावरांपुढे टाकला तर ती पाने खातात आणि जाड ताटे तुडवून टाकतात. तोच बारीक करून घातला की सारा फस्त होतो. दुष्काळाचे तडाखे खाल्लेल्या मुलखात या बचतीचे मोल काय, हे सांगावयास नको. त्यानंतर आला लोखंडी नांगर. येथे मला थोडे थांबावेसे वाटते.

आपल्याकडचा लाकडी नांगर जमीन फाडतो, ती उलटवीत नाही. काळ्या रानात हराळी आणि कुंदा यांची मुळे खोल गेलेली असतात. ती निपटण्यासाठी जड लाकडी नांगराला चार-चार बैलजोड्या जुंपाव्या लागत, आणि एवढे करूनही मूळ जागच्या जागी राही. लोखंडी नांगराची रीत निराळी. त्याचा फाळ जमिनीचा थर खालून कापतो आणि फाळामागचा वाकडा पत्रा तो थर उचलून कुशीवर पालथा घालतो. मुळे उन्हात उघडी पडतात व वाळून जातात. सारी करामत त्या पत्र्याच्या वळणात आहे. विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कोणाला आरेखनाची हौस असेल तर तो पत्रा एकदा कागदावर उतरवून पाहा. तो गोलाचा तुकडा नाही, शंकूचाही नाही. खालच्या टोकाशी जवळजवळ आडवा, मधे उभा, आणि वरच्या टोकाशी बाहेर कललेला. मी एकदा हौसेने प्रयत्न केला आणि दोन रविवार खर्ची घातले.

पुन्हा कागदावर उतरले म्हणजे झाले असे नाही. आधी लाकडी पॅटर्न करावयाचा. तोही नेमक्या मापाचा करून चालत नाही, कारण वितळलेले लोखंड निवताना फुटामागे सुमारे अष्टमांश इंच आकसते. पॅटर्न तितका मोठा धरावयाचा, वाळूत त्याचा साचा पाडावयाचा, भट्टी पेटवून रस ओतावयाचा. ओतीव लोखंड कठीण असते तितकेच ठिसूळही असते. रानात दगडाची धडक बसली की फाळाचे टोक उडालेच. म्हणून फाळ सुटा ठेवावा लागतो आणि बदलीचा प्रत्येक फाळ प्रत्येक नांगरास बिनचूक बसावा लागतो. शंभर नग एकसारखे निघाले पाहिजेत, ही कारखानदारीची पहिली अट आहे. आपल्याकडील लोहार हाताने त्याहून सुबक वस्तू घडवीत असे. मात्र त्याची दुसरी वस्तू पहिलीसारखी नसे.

नांगर तर झाला, पण तो कोणी घेईना. लोखंडाने जमिनीला विष बाधते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपावयास दोन वर्षे लागली. या गोष्टीवर आपण शहरी लोक हसतो. मला हसू येत नाही. ज्याच्या पोटाचा सारा आधार चार एकरांवर आहे आणि चुकलेल्या प्रयोगाची भरपाई करावयास कोणी उभे राहणार नाही, त्याने नव्या वस्तूकडे संशयाने पाहणे हा शहाणपणाचाच भाग होता. लक्ष्मणरावांचे थोरपण असे की, शेतकऱ्याला अडाणी ठरवून त्यांनी दुकान बंद केले नाही. गिऱ्हाइकाला सायकल चालवावयास शिकविणारे हे घर होते. रानात नांगर चालवून दाखविणे त्यांना नवे नव्हते.

आणि धंदा कोठे मूळ धरतो न धरतो तोच जागेचा प्रश्न उभा राहिला. कारखाना ठळकवाडीत होता. तेथे नवी वसाहत करावयाची म्हणून नगरपालिकेने कारखाना हलविण्यास सांगितले. १९१० च्या सुमारास दोघे भाऊ यंत्रे, माणसे आणि कर्ज घेऊन उघड्यावर आले.

बेळगावात ही कथा सांगण्याची एक ठराविक रीत आहे. झाले ते बऱ्यासाठी झाले. येथून गेले म्हणून तर एवढे मोठे झाले, असे म्हणून आपण विषय मिटवतो. या रीतीशी माझा मतभेद आहे. १९१० साली त्यांचे पुढे काय होणार, हे कोणासच ठाऊक नव्हते. नगरपालिकेने वसाहत आखू नये असे मी म्हणत नाही. ते तिचे कामच आहे. मात्र गावात एकजण लोखंड ओतून शेतकऱ्याची अवजारे करतो आहे, त्याला गावाच्याच हद्दीत दुसरी जागा शोधून द्यावी, इतके त्याचे मोल कोणास वाटले नाही, ही गोष्ट उरतेच. लक्ष्मणरावांचे नशीब असे की त्यांना आसरा देणारा एक राजा भेटला. ज्यांना असा राजा भेटला नाही, अशांच्या नावाचा रस्ता कोणत्याच गावात नसतो. म्हणून ते किती होते हे आपण मोजू शकत नाही.

तो राजा म्हणजे औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. १९०९ साली ते गादीवर आले होते. आज त्यांचे नाव सूर्यनमस्कारांमुळे निघते. पण ते स्वतः चित्रकार होते, आणि औंधचे संग्रहालय त्यांच्या रसिकतेची साक्ष देत उभे आहे. औंध येथील एका बांधकामाच्या निमित्ताने लक्ष्मणरावांचा त्यांच्याशी संबंध आलेला होता. अडचण कळताच राजेसाहेबांनी १०,००० रुपये कर्जाऊ दिले आणि आपल्या संस्थानातील कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर जमीन देऊ केली. औंध हे काही मोठे संस्थान नव्हे. त्याचे तुकडे सातारा-सांगलीपासून विजापूरपर्यंत विखुरलेले. परंतु ब्रिटिश मुलखातील नगरपालिकेच्या कारभारात ज्या कारखान्याला कोठे जागा नव्हती, त्याला संस्थानाधिपतीच्या एका शब्दाने ती मिळाली. संस्थानांच्या कारभारावर आपण पुष्कळ टीका करतो, ती बव्हंशी योग्यही आहे. हा जमेचा आकडाही त्याच वहीत लिहिला पाहिजे.

१० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीचा स्थापनादिन. त्या जागेत निवडुंगाचे रान माजले होते आणि सापांचा सुळसुळाट होता. पाणी दुर्मीळ. सोबत आले २५ कामगार आणि त्यांची कुटुंबे. बेळगावसारखे हवेशीर, बाजारपेठेचे गाव सोडून या माळावर त्या माणसांनी का यावे? कारखाना चालेल याची हमी स्वतः मालकालाही देता आली नसती. याचे उत्तर शोधताना मला लक्ष्मणरावांच्या चरित्राची खरी किल्ली सापडली असे वाटते. म्हणून त्यांच्या माणसांविषयी बोलतो.

वाडीची आखणी रामुअण्णांनी केली. यंत्रांचे काम शंभूराव जांभेकरांकडे, हिशेब मंगेशराव रेग्यांकडे. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले. ते तेथे कसबी कारागीर झाले. के. के. कुलकर्णी हे परीक्षांत अपयश आलेले विद्यार्थी. त्यांच्यावर व्यवस्थेचा आणि विक्रीचा भार पडला. रात्रीच्या पहाऱ्याला होते तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. या दोघांवर गुन्हेगार असा शिक्का बसलेला, आणि लक्ष्मणरावांनी कारखान्याच्या किल्ल्या त्यांच्याच हाती दिल्या. वाडीत अस्पृश्यता पाळावयाची नाही, असा त्यांचा दंडक होता. १९१० सालच्या महाराष्ट्रात, जेथे विहिरीवरून माणसे माणसांना हाकलीत, तेथे हा दंडक चालविणे सोपे गेले नसावे.

या यादीकडे मी मास्तराच्या नजरेने पाहतो तेव्हा अस्वस्थ होतो. यातील निम्मी माणसे आमच्यासारख्यांनी खोडून टाकलेली आहेत. शाळेने नापास केलेली, समाजाने बहिष्कृत केलेली, पोलिसांनी वहीत नोंदलेली. आणि त्यांना गोळा करणारा स्वतः डोळ्यांच्या दोषामुळे चित्रकलेतून, कातडीच्या रंगामुळे बढतीतून आणि वसाहतीच्या आखणीमुळे गावातून बाहेर पडलेला.

एक कबुली देतो. माझ्या वर्गात एक मुलगा होता. गणितात आणि इंग्रजीत सलग नापास. वहीच्या मागच्या पानांवर मात्र यंत्रांची चित्रे. एकदा भर वर्गात मी ती वही फडकावून त्याची थट्टा केली आणि तुझ्याने काही होणार नाही, असे बोललो. त्या वर्षाअखेर त्याने शाळा सोडली. पुष्कळ वर्षांनी उद्यमबागेत एका पॅटर्नच्या कारखान्यात काही कामासाठी गेलो होतो. पाण्याच्या पंपातील पंख्याचा सागवानी पॅटर्न तासणाऱ्या गृहस्थांनी मान वर केली आणि म्हणाले, "सर, तुम्ही? या, बसा." तो कारखाना त्यांचा होता. त्यांनी मला चहा पाजला, पॅटर्न हातात दिला, आणि पंख्याची पाती किती अंशांत कलती ठेवावी लागतात हे समजावून सांगितले. जुन्या प्रसंगाचा उच्चार त्यांनी केला नाही, आणि माझ्याही तोंडातून शब्द फुटला नाही. लक्ष्मणरावांच्या हाती तो मुलगा चौदाव्या वर्षी पडला असता तर त्यांनी ती वही फडकावली नसती, एवढे मला कळते.

पुढील हकिकत सर्वश्रुत आहे. तिच्यात फार वेळ घालवीत नाही. १९१४ साली युरोपात युद्ध पेटले आणि लोखंड, कोळसा, रंग यांची आवक आटली. परदेशी मालही येईनासा झाल्याने मागणी वाढलेली, आणि ओतावयास मात्र लोखंड नाही, असा पेच पडला. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळगडावरच्या निकामी तोफा दिल्या व त्या वितळवून नांगर ओतले गेले, असे सांगितले जाते. १९२० साली कंपनी लिमिटेड झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. कारखान्याची बातमीपत्रिका म्हणून निघालेले ते पत्र पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले. १९३० साली 'स्त्री', १९३४ साली 'मनोहर'. आपल्या घरांतील कितीतरी आजी-आत्यांनी वाचनाची गोडी 'स्त्री'च्या अंकांतून लावून घेतली. नांगराच्या जाहिरातीतून मराठीतील तीन मासिके उगवावीत, हा योग क्वचितच येतो.

१९२२ साली लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव आणि त्यांचे चुलतभाऊ माधव हे दोघे शिक्षणासाठी अमेरिकेस, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत गेले. माधवला तेथे क्षय झाला आणि तो परत आलाच नाही. १९२६ साली शंतनुराव पदवी घेऊन एकटे परतले. त्याच वर्षी वाडीत पाण्याचा पंप तयार झाला. मोटेवर बैल मागेपुढे करीत दिवस घालविणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हा नांगराहूनही मोठा बदल होता, यथावकाश इंजिनेही आली. मंदीच्या वर्षांत वाडीत लोखंडी खुर्च्या-कपाटेही झाली. जे विकले जाईल ते करून माणसे कामावर ठेवावयाची, असा तो काळ होता. १९४१ साली हरिहरला यंत्रे घडविणारी यंत्रे होऊ लागली, १९४६ साली बंगळुरास विजेची मोटार आणि पुण्यास तेलइंजिने. एव्हाना सूत्रे पुढच्या पिढीकडे गेली होती.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी वारले. त्यानंतर पाच आठवड्यांनी, १ नोव्हेंबरला, राज्यांची पुनर्रचना होऊन बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. गुर्लहोसूर आणि हरिहर एका राज्यात, किर्लोस्करवाडी दुसऱ्यात. त्यांचे कामगार आणि गिऱ्हाइके मराठी व कानडी दोन्ही बोलणारी होती, आणि नांगर दोन्हीकडच्या काळ्या रानात सारखाच चालत होता.

१९६९ साली जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने त्यांच्या नावाचे टपालतिकीट काढले. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांनी तेव्हा दोन तिकिटे विकत आणली होती. एक शाळेच्या वस्तुसंग्रहात ठेवले, दुसरे मला दिले आणि मागच्या बाजूला डिंक आहे तर जपून ठेव, ओले करू नकोस, असे बजावले. ते अजून माझ्या कंपासपेटीत, फ्रेंच कर्व्हच्या खाली आहे. सभा संपल्यावर ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी माझ्याकडे यावे.